लुकाच्या सौद्याचा हिशेब फ्लॅगच्या नावावर मांडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्स संघाने ११ नोव्हेंबर २०२५ ला आपले जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांना पदावरून काढले. ती बातमी आपल्या क्रीडा पानावर ठळक आली, याचा मनापासून आनंद झाला. मराठी दैनिकात बास्केटबॉलला एवढी जागा क्वचित मिळते. पण बातमीखालच्या टिपणाचा शेवट मला अजिबात पटलेला नाही. लुका डॉन्चिच हा संघाचा सर्वांत मोठा खेळाडू हॅरिसन यांनी दुसऱ्या संघाला दिला, तरी त्यामुळेच कूपर फ्लॅग हा नवा गुणी खेळाडू मिळाला, तेव्हा डॅलसचा तोटा भरून निघाला, असा त्याचा आशय आहे. असे इथे डॅलसकडेही पुष्कळ लोक म्हणतात. खेळाडूंच्या अदलाबदलीचा असा हिशेब मांडायची सवय लागली, तर वाचणाऱ्या मुलामुलींना खेळातला विचार कधी कळणारच नाही, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहिते.

मी पुण्यात शाळेत क्रीडाशिक्षिका होते. मुलींचे बास्केटबॉल संघ बांधण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. निवृत्तीनंतर बराचसा काळ मुलाकडे, डॅलसजवळच्या आयर्विंग गावात असते. डॅलसचे स्टेडियम इथून जवळ आहे. नातू सत्त्याहत्तर नंबरची जर्सी घालून लहानाचा मोठा झाला. लुकाचा नंबर तोच. त्यामुळे हा विषय आमच्या घरात बाहेरच्या माणसाचा नाही.

आधी त्या रात्री काय घडले ते नीट सांगते, कारण टिपणात अर्धेच आले आहे. १ फेब्रुवारी २०२५, शनिवार. डॅलसच्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजून गेले होते. डॅलसने लुका, मॅक्सी क्लेबर आणि मार्कीफ मॉरिस असे तिघे लॉस एंजेलिस लेकर्सला दिले. बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स ख्रिस्टी हा तरुण गार्ड आणि लेकर्सचा २०२९ चा पहिल्या फेरीचा पिक मिळाला. पिक म्हणजे त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडण्याचा हक्क. हा हक्क काही वर्षे आधीच देता-घेता येतो. पगारांचा मेळ बसावा म्हणून यूटा जॅझला मध्ये घेतले. त्यांच्याकडे जेलन हूड-शिफिनो आणि दुसऱ्या फेरीचे दोन पिक गेले. जॅझबद्दल एवढेच पुरे. त्यांनी फारसे काही न गमावता दोन पिक मिळवले.

लुका तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. पहिल्या सहा मोसमांत पाच वेळा तो लीगच्या सर्वोत्तम पाचांत निवडला गेला होता. २०२३-२४ मध्ये सामन्यामागे ३३.९ गुण काढून गुणांमध्ये अव्वल होता, अटलांटाविरुद्ध एकाच सामन्यात ७३ गुण केले होते आणि २०२४ च्या उन्हाळ्यात त्याने संघाला अंतिम फेरीपर्यंत नेले होते. तिथे बोस्टनने चार-एक हरवले. डेव्हिस एकतिशी पूर्ण केलेला, बत्तिशीला महिना-सव्वा महिना उरलेला. दोघेही त्या दिवशी जायबंदीच होते. लुकाची पोटरी नाताळच्या सामन्यात दुखावली होती आणि डेव्हिसच्या पोटाचा स्नायू जानेवारीच्या शेवटी.

आता हॅरिसन यांची बाजू. ती मांडायलाच हवी, कारण इथे त्यांच्यावर एवढी आगपाखड झाली की त्यांच्या विचारात काही तथ्य होते हेच लोक विसरले. बचावाने विजेतेपदे मिळतात, असे ते म्हणाले. चूक काय आहे त्यात? लुका बचावात उणा पडतो, अंतिम फेरीत बोस्टनने त्याच्याच अंगावरून वाटा काढल्या, हे आम्ही सगळ्यांनी पाहिले होते. त्याच्या तंदुरुस्तीची काळजी संघाला होती आणि २०२५ च्या उन्हाळ्यात त्याला पाच वर्षांचा साधारण साडेचौतीस कोटी डॉलरचा करार द्यावा लागला असता. डेव्हिस त्याच्या आदल्याच वर्षी लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या संघात निवडला गेला होता. शिवाय डॅलसने २०२७ ते २०३० या चारही वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक, कुठे सरळ देऊन तर कुठे अदलाबदलीचा हक्क (दोघांपैकी चांगला पिक समोरच्याने घ्यायचा) देऊन, दुसऱ्या संघांकडे गुंतवलेले. म्हणजे हरून हरून नवे खेळाडू मिळवण्याचा रस्ता पुढे जवळजवळ बंद होता. जे करायचे ते लगेच करायचे, हा विचार त्या परिस्थितीत वेडगळ नव्हता.

८ फेब्रुवारीला डेव्हिस डॅलसकडून पहिला सामना ह्यूस्टनविरुद्ध खेळला, तेव्हा तर हा विचार डोळ्यांसमोर खरा होताना दिसला. २६ गुण, १६ रिबाउंड (हुकलेल्या नेमानंतर मिळवलेला चेंडू), ७ असिस्ट (गुण मिळवून देणारा पास), ३ ब्लॉक (अडवलेला नेम). मी तो सामना टीव्हीवर पाहिला. आत घुसायला ह्यूस्टनची मुले बिचकत होती. चेंडू घेऊन यायची, डेव्हिसला पाहायची आणि मागे फिरायची. असा खेळाडू बास्केटखाली उभा असला की बाकीच्या चौघांची छाती फुगते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याच्या मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू दुखावला आणि तो मार्चच्या शेवटी शेवटी परतला. त्याआधी ३ मार्चला डॅलसचा दुसरा मोठा खेळाडू, गार्ड कायरी अर्विंग, याच्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले. डॅलसचा मोसम तिथेच संपला. ३९ विजय, ४३ पराभव. प्ले-इनमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) आधीच्या पात्रता सामन्यांत, सॅक्रामेंटोला हरवले, मग मेम्फिसकडून हरले.

या दुखापतींसाठी मी हॅरिसन यांना दोष देणार नाही. कोणाचा गुडघा कधी जाईल हे कुणाला कळते? शाळेच्या अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी माझी मुख्य खेळाडू जिन्यावरून पडली होती, म्हणून मी निवडलेला संघ वाईट ठरला नाही. आणि नेमका हाच नियम फ्लॅगलाही लावायला हवा. तुमच्या टिपणात तो लावलेला नाही.

प्लेऑफ हुकलेल्या संघांपैकी ड्राफ्टमध्ये आधी कोणी निवडायचे हे लॉटरीने ठरते. १२ मे २०२५ च्या लॉटरीत पहिला क्रमांक लागण्याची डॅलसची शक्यता १.८ टक्के होती. तो लागला, म्हणून फ्लॅग मिळाला. हजार वेळा लॉटरी काढली, तर ९८२ वेळा पहिला क्रमांक दुसऱ्या कुणाचा. त्यातही शिकागोचे विजय-पराभव डॅलसइतकेच होते, तेव्हा कोण वर हेसुद्धा चिठ्ठी टाकूनच ठरले. आणखी एक गोष्ट पाहा. लुकाचा सौदा कशासाठी केला होता? ताबडतोब जिंकण्यासाठी. डॅलस लॉटरीत पोचले कशामुळे? जिंकता न आल्यामुळे. म्हणजे फ्लॅग हे त्या बेताचे फळ नव्हे, बेत फसल्यावर नशिबाने पदरात पडलेले दान आहे. मुलगा गुणी आहे. अठराव्या वर्षी प्रशिक्षक जेसन किडने त्याला मोसमाच्या सुरुवातीला पॉइंट गार्डच्या, म्हणजे चेंडू वर आणून खेळ रचणाऱ्याच्या, जागेवर उभे केले, ते काम त्याचे नव्हते, तरी तो तक्रार न करता खेळला. त्याच्याकडे पाहून मला फार बरे वाटते. पण त्याचे श्रेय फेब्रुवारीतल्या त्या रात्रीला देऊ नये.

मग त्या रात्रीचा हिशेब कसा करायचा? माझ्या मते, त्या रात्री दोन्ही संघांना जे माहीत होते तेवढ्यावरच. आणि प्रत्येक संघाला त्याच्या स्वतःच्या गरजेची मोजपट्टी लावून. एकाला फायदा झाला म्हणजे दुसऱ्याचा तेवढाच तोटा, असे या खेळात नसते.

८ फेब्रुवारी २०२२ ची इंडियाना आणि सॅक्रामेंटो यांच्यातली अदलाबदल याचे उत्तम उदाहरण आहे. सॅक्रामेंटोने टायरीज हॅलिबर्टनसारखा तरणाबांड पॉइंट गार्ड दिला आणि बास्केटजवळ आत खेळणारा उंच डोमांटास साबोनिस घेतला. (दोन्हीकडून आणखी काही खेळाडू गेले, ते सोडून देते.) दुसऱ्याच दिवशी सॅक्रामेंटोला सगळ्यांनी मूर्खात काढले. पण त्यांच्याकडे डी'एरन फॉक्स हाही पॉइंट गार्ड होता. चेंडू हाताळणारे दोघे आणि आत खेळणारा भरवशाचा कोणी नाही, ही त्यांची अडचण. साबोनिस आला, पुढच्या मोसमात रिबाउंडमध्ये लीगमध्ये पहिला आला आणि संघाने ४८ सामने जिंकले. सोळा मोसम प्लेऑफचे तोंड न पाहिलेल्या शहराने तो उंबरठा ओलांडला. इकडे इंडियानाने हॅलिबर्टनभोवती संघ उभा केला आणि २०२५ च्या अंतिम फेरीत ओक्लाहोमाला सातव्या सामन्यापर्यंत झुंजवले. आज मागे वळून हॅलिबर्टन मोठा खेळाडू ठरला असे म्हणता येईल, पण सॅक्रामेंटोला जे हवे होते तेही मिळाले. दोघांनी आपापली उणीव ओळखून सौदा केला होता.

डॅलसची उणीव काय होती? इथे माझ्यातली शिक्षिका जागी होते. संघात आत खेळणारे डेरेक लाइव्हली आणि डॅनियल गॅफर्ड आधीच होते, दोघेही चांगले. त्यात तिसरा उंच खेळाडू आणला, तोही सेंटरपेक्षा (बास्केटखालच्या जागेपेक्षा) त्याच्या शेजारच्या पॉवर फॉरवर्डच्या जागेवर खेळणे पसंत करणारा. आणि दिला कोण? तर चेंडू वर आणणारा, सगळ्यांना पासेस देणारा, शेवटच्या दोन मिनिटांत काय करायचे ते ठरवणारा. चेंडू हाताळायला उरला एकटा अर्विंग, बत्तीस वर्षांचा. अर्विंग पडला आणि चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे नेईल कोण, हाच प्रश्न उभा राहिला. दुखापत हे दुर्दैव, हे मी वर म्हटलेच. पण एका माणसाच्या गुडघ्यावर सगळा डोलारा उभा करणे हा मात्र निर्णय होता. कुठल्याही आंतरशालेय स्पर्धेला जाताना मी चेंडू आणणाऱ्या दोन मुली तयार ठेवायचे, तिसरीला शिकवून ठेवायचे.

आणि आता किंमत. मला सर्वांत जास्त वाईट वाटते ते इथे. मुलगा तीन बेडरूमचे घर विकायला निघाला, तर त्याला मी आधी सांगेन की चार गिऱ्हाइके येऊ देत, मग बोल. हॅरिसन बोलले एकट्या लेकर्सच्या रॉब पेलिंका यांच्याशी, तेही गुपचूप. बाकीच्या संघांना लुका मिळू शकतो याचा पत्ताच नव्हता. गडबड करण्याचे कारणही नव्हते, कारण लुकाचा करार पुढचा मोसम संपेपर्यंत होताच. बाजारभाव काय चालला होता ते पाहा. २०२४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क निक्सने मिकाल ब्रिजेससाठी ब्रूकलिनला पहिल्या फेरीचे पाच पिक दिले. ब्रिजेस चांगला, कष्टाळू खेळाडू आहे, पण लीगच्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी तो तोवर एकदाही निवडला गेला नव्हता. २०२२ मध्ये रूडी गोबेरसाठी मिनेसोटाने चार पिक आणि वर पाच खेळाडू दिले. २०१९ मध्ये हाच डेव्हिस घेण्यासाठी लेकर्सने लॉन्झो बॉल, ब्रँडन इनग्रम, जॉश हार्ट आणि पहिल्या फेरीचे तीन पिक न्यू ऑर्लिन्सला मोजले होते आणि पुढच्याच वर्षी विजेतेपद मिळवून ते वसूल केले. लुकासाठी? डेव्हिस, ख्रिस्टी आणि एक पिक.

कोणी म्हणेल, लेकर्सकडे द्यायला तरी काय होते? होते. लागोपाठच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक देऊन टाकता येत नाहीत, त्या नियमामुळे लेकर्सकडे देण्याजोगे दोन उरले होते, २०२९ आणि २०३१. डॅलसने २०२९ चा घेतला आणि थांबले. त्याच आठवड्यात लेकर्सने तो २०३१ चा पिक, २०३० मध्ये अदलाबदलीचा हक्क, डाल्टन नेक्ट आणि कॅम रेडिश एवढे सगळे शार्लटला द्यायचे कबूल केले. कोणासाठी? मार्क विल्यम्स या सेंटरसाठी. वैद्यकीय तपासणीनंतर तो सौदा रद्द झाला ही गोष्ट वेगळी. पण लेकर्स ते द्यायला तयार होते, हे सगळ्या जगाने पाहिले. विल्यम्ससाठी जे निघाले ते लुकासाठी मागायला हवे होते, आणि मागितले असते तर मिळाले असते असे मी ठामपणे म्हणते. सोबत लेकर्सचा गार्ड ऑस्टिन रीव्ह्ज याचे नावही निघायला हवे होते.

लेकर्सच्या बाजूने पाहिले तर फायदा उघड आहे, तरी तोही टिपणात म्हटला तसा निर्विवाद नाही. लेब्रॉन जेम्सने चाळिशी गाठलेली. त्याच्यानंतर कोण, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. ते एका रात्रीत मिळाले. २ ऑगस्टला लुकाने तीन वर्षांचा साडेसोळा कोटी डॉलरचा करारही केला. पण त्या मोसमापुरते पाहिले तर त्यांनी आपला एकमेव भरवशाचा उंच खेळाडू दिला, विल्यम्स हाती लागला नाही, क्लेबर पायाच्या दुखापतीने बसलेला. ५० विजय मिळवून तिसऱ्या क्रमांकाने प्लेऑफला गेले आणि मिनेसोटाने पहिल्याच फेरीत चार-एक गारद केले. चौथ्या सामन्यात लेकर्सचे प्रशिक्षक जेजे रेडिक यांनी दुसऱ्या अर्धात तेच पाच जण शेवटपर्यंत खेळवले, दमून हरले. पाचव्या सामन्यात मिनेसोटाच्या गोबेरने २७ गुण आणि २४ रिबाउंड घेतले. आत अडवायला कोणी नव्हतेच. म्हणून तर उन्हाळ्यात त्यांना डिआंड्रे एटन या सेंटरला आणावे लागले. दहा वर्षांचा विचार केला तर लेकर्सना मोठा लाभ, त्या एका मोसमाचा विचार केला तर भोक पडलेली बोट. दोन्ही एकाच वेळी खरे आहे.

खेळाडूचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे जडेजा आणि संजू सॅमसन यांची अदलाबदल झाली. आयपीएलमध्ये खेळाडूची संमती लागते. एनबीएमध्ये सहसा करारात तसे कलम असेल तरच खेळाडू नाही म्हणू शकतो आणि असे कलम फारच थोड्यांकडे असते. लुकाकडे नव्हते. त्याला विचारले नाही, आणि संघ बदलल्यामुळे त्या साडेचौतीस कोटींच्या कराराची पात्रताही गेली. डॅलसच्या लोकांना का लागले, ते यातून समजेल. ९ एप्रिलला तो परत इथे खेळायला आला, तेव्हा नातवाला घेऊन आम्ही वरच्या मजल्यावरच्या जागी बसलो होतो. खुर्च्याखुर्च्यांवर त्याचे आभार मानणारे टी-शर्ट ठेवलेले. सुरुवातीची चित्रफीत पाहताना त्याला रडू आवरले नाही. मग त्याने ४५ गुण केले, लेकर्स ११२-९७ जिंकले, आणि डॅलसचे लोक विरुद्ध संघाच्या खेळाडूसाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते. अधूनमधून हॅरिसनना काढा असा घोष. डर्क नोवित्स्की एकवीस मोसम या एकाच संघात खेळला, २०११ ला विजेतेपद दिले, त्याचा पुतळा दाराशी आहे. लुकाही तसाच इथे म्हातारा होईल असे या गावाने धरले होते. हे प्रेम ताळेबंदात कुठे लिहायचे ते मला सांगता येणार नाही, पण ते शून्य नक्कीच नाही. त्याची किंमत ज्याला कळली नाही त्याने सौद्याची अर्धी बाजू पाहिलीच नाही.

तेव्हा माझे मत असे, की डॅलसने लुकाला सोडण्याचा विचार करणे गुन्हा नव्हता, एकाच गिऱ्हाइकाशी गुपचूप बोलून एका पिकवर समाधान मानणे ही घोडचूक होती. दुखापती झाल्या नसत्या तरी ती घोडचूकच राहिली असती आणि फ्लॅगने पुढे दहा विजेतेपदे मिळवली तरी राहील.

आपल्याला एक विनंती. मोठी अदलाबदल झाली की दुसऱ्या दिवशी 'कोण जिंकले, कोण हरले' अशी चौकट येते. त्याऐवजी कोणत्या संघाला काय कमी होते, त्याच्या हातात कोणते पिक शिल्लक आहेत, पगाराची मर्यादा किती आडवी येते, एवढे चार ओळींत दिले तरी आपली बास्केटबॉलपटू शिरीन लिमये हिचा खेळ पाहून मैदानावर येणाऱ्या पुण्यातल्या मुलींना पुष्कळ शिकायला मिळेल.

आणि २०२५-२६ च्या मोसमातल्या ट्रेडची, म्हणजे अशा अदलाबदलीची, मुदत ५ फेब्रुवारी २०२६ ही होती. डेव्हिस त्या मोसमातही पोटरीच्या दुखापतीने बसला होता आणि डॅलस त्यालाही सोडेल, अशी चर्चा इथे रोज चालायची. त्याच्या बदल्यात डॅलसला जे मिळेल ते लुकाच्या सौद्याच्या जमेला जरूर धरा. ख्रिस्टी धरा, २०२९ चा पिक कोणाच्या रूपाने येतो तेही धरा. ते त्या रात्री दिलेल्या मालाचे दाम आहे. फ्लॅग त्या जमेत बसत नाही.

कळावे,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
आयर्विंग, टेक्सास (मूळ पुणे)